मिलिंदला पत्र: कापलेले तीन सेकंद

सातारा,
१४ जानेवारी

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार. तीळगूळ कालच कुरिअरनं धाडलाय. वड्या यंदा छान खुसखुशीत झाल्यात, अलकानं तुझ्यासाठी मुद्दाम वेगळा डबा भरला. पोचला की कळव.

पण हे पत्र तीळगुळासाठी नाही. शनिवारी रात्री आमच्याकडे 'फिफ्टीन मिनिट्स' हा हॉलीवूडचा सिनेमा पाहिला आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तुला आठवत असेल, अमेरिकेत एडिसनला जाऊन तुला जेमतेम चार महिने झाले होते. मार्च २००१ मध्ये तिकडे लागला तसा तू तो थिएटरात पाहिलास आणि मला आठ पानी पत्र लिहिलंस. 'इमिग्रेशनच्या खिडकीपाशी ते दोघं उभे राहिले तेव्हा मी माझा पासपोर्ट खिशात चाचपून पाहिला,' असं तू लिहिलं होतंस. मी तेव्हा इथं लग्नाच्या कॅसेटी एडिट करत होतो. सिनेमा बघायचा राहिला तो राहिलाच. आता पंचवीस वर्षं होत आली.

आम्ही पाच जण होतो. मी, अलका, शेजारचे देशपांडे वकील, त्यांचा नातू ओंकार आणि मुंबईहून आलेला राजू. राजू माझ्याबरोबर न्यूज चॅनेलात कॅमेरामन होता, तुझी त्याची एकदा भेट झालीय. सिनेमा संपला तेव्हा पाचांपैकी एकालाही तो आवडला नव्हता. तुला वाईट वाटेल म्हणून लपवत नाही. पण प्रत्येकाचं कारण वेगळं होतं, आणि माझं कारण त्यांच्यातल्या कुणालाच सांगता आलं नाही.

अलका पहिल्या अर्ध्या तासातच उठून गेली. ते दोघं, म्हणजे पूर्व युरोपातून न्यूयॉर्कला आलेले गुन्हेगार एमिल आणि ओलेग, आपल्या जुन्या साथीदाराकडे पैसे मागायला जातात, पैसे उडवून झालेत असं कळतं, आणि मग एमिल त्या नवराबायकोला ज्या तऱ्हेनं मारतो ते तिला बघवेना. 'एवढं दाखवायचं कशाला? कळलं की मेली,' असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली ती परत आलीच नाही. मला तिचं म्हणणं तेव्हाही पटलं होतं. हा सिनेमा आपल्याला सांगतो की खून दाखवून पैसा मिळवणारे वाईट, आणि सांगता सांगता तोच खून जवळून, निवांतपणे दाखवतो. आधी मला वाटलं, ओलेगच्या हातातला चोरीचा कॅमेरा आहे, त्याची नजर दाखवायची म्हणून असेल. पण तसंही नाही. ओलेगच्या हलत्या चित्रावरून दिग्दर्शक लगेच आपल्या गुळगुळीत चित्रावर येतो, कारण तिथून जास्त नीट दिसतं. मी एडिटर आहे, असा कट कशासाठी घेतात ते मला कळतं.

ओंकारला हिंसेचं काही वाटलं नाही. तो वैतागला डी नीरो गेल्यावर. सिनेमा निम्म्यावर येतो आणि एडी फ्लेमिंग, डी नीरोनं केलेला पोलिस, ज्याच्या जिवावर आपण बसलोय, तोच खुर्चीला बांधलेला मरतो. थोड्या वेळापूर्वी तो आरशासमोर उभा राहून लग्नाची मागणी कशी घालायची याची तालीम करत असतो! 'आता काय बघायचं उरलं?' असं ओंकार मोठ्यानंच म्हणाला. मला वाटतं अमेरिकेतही लोकांना हेच खटकलं असणार. तिथं सगळा मिळून अडीच कोटी डॉलरचाही धंदा झाला नाही, आणि डी नीरोचं नाव असलेल्या मोठ्या सिनेमाला ते फार कमी. पण मला विचारशील तर त्याचं मरण हीच त्या सिनेमातली धाडसाची गोष्ट. पोलिस हा टीव्हीचा लाडका, 'टॉप स्टोरी' या टीव्ही कार्यक्रमाचे लोक त्याच्या मागे फिरणार, मासिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकणार, आणि त्याच प्रसिद्धीमुळे खुन्यांची नजर त्याच्यावर पडणार. एमिलला कोणीतरी नाव असलेला माणूसच मारायचा होता. हे पटतं. फसतं ते त्यानंतर. फ्लेमिंगच्या जाण्यानं जी पोकळी होते तिच्यात सिनेमानं थांबायला हवं होतं. तो थांबत नाही, पाठलागाला लागतो.

देशपांडे वकिलांनी तर एमिलचा बेत ऐकल्यावरच मान हलवली. खून करायचा, चित्रीकरण विकायचं, वेडा म्हणून सुटायचं, मग शहाणा ठरून बाहेर यायचं, आणि एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नाही म्हणून आयुष्यभर पैसे मोजायचे. 'असं कुठं होतं का रे?' मी दुसऱ्या दिवशी बसून वाचलं. वकीलकाकांचं खरं आहे. राष्ट्राध्यक्ष रेगनवर गोळी झाडणारा जॉन हिंक्ली १९८२ मध्ये वेडाच्या कारणानं निर्दोष ठरला, पण रुग्णालयातून घरी जायला त्याला २०१६ उजाडलं. गुन्हेगारानं आपली कहाणी विकून पैसे करू नयेत म्हणून न्यूयॉर्कनं १९७७ मध्येच कायदा केला होता. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला आणि मग राज्याला तो नव्यानं बेतावा लागला. म्हणजे खुन्यानं आपली गोष्ट विकायची, ही भीती त्या शहरात खरीखुरी होती, कोर्टात भांडली गेलेली होती. एवढी चांगली माती हाताशी असताना सिनेमानं तिचं काहीच घडवलं नाही याचं मला जास्त वाईट वाटतं.

आणि हिंक्लीचं नाव आलंच आहे तर सांगतो. एका नटीच्या नजरेत भरावं म्हणून त्यानं गोळ्या झाडल्या, आणि ते वेड त्याच्या डोक्यात 'टॅक्सी ड्रायव्हर' बघून भरलं. त्यातही डी नीरोच. पुढे १९८३ च्या 'द किंग ऑफ कॉमेडी'त टीव्हीवर दहा मिनिटं मिळावीत म्हणून सूत्रसंचालकाला पळवून नेणारा रूपर्ट पपकिन, तोही डी नीरोच. त्यात रक्ताचा थेंब नाही, पण मी तो बघताना दोनदा बंद केला, इतकी लाज त्या माणसाची आपल्याला येते. तोही तेव्हा चालला नव्हता. प्रसिद्धीची भूक काय करते हे त्या नटानं एकदा इतकं खोल जाऊन दाखवलं होतं, आणि अठरा वर्षांनी तोच विषय त्याच्यापुढे आला तेव्हा त्याला अर्ध्यात मारून टाकलं.

राजूची तक्रार मात्र आतल्या माणसाची होती. केल्सी ग्रॅमरनं केलेला तो हॉकिन्स, 'टॉप स्टोरी'चा सूत्रसंचालक. खुनाची टेप येते, दहा लाख डॉलर द्यायचे ठरतात, टेप लागते. सगळं एका माणसाच्या हावेवर. राजू म्हणाला, 'असा एक माणूस मला चॅनेलात कधी भेटला नाही.' मिलिंद, माझं कारण इथं सुरू होतं. मलाही नाही भेटला. आमच्याकडे कुणीच ठरवत नसे. स्ट्रिंगरनं, म्हणजे गावोगावच्या कंत्राटी बातमीदारानं, पाठवलं म्हणून इनपुट डेस्क घेई, इनपुटनं घेतलं म्हणून प्रोड्यूसर रनडाउनमध्ये, बातम्यांच्या यादीत, टाकी, समोरच्या चॅनेलवर लागलंय म्हणून आपल्याला लावावं लागे, चेहरा ब्लर केलाय म्हणून चालेल असं म्हटलं जाई. दहाबारा जणांच्या हातून ते जायचं आणि प्रत्येकाच्या वाट्याला इतकं थोडं यायचं की घरी जाऊन जेवता यायचं. सिनेमानं हे सगळं एका हॉकिन्सच्या अंगावर घातलं. शेवटी फ्लेमिंगच्या जोडीनं तपास करणारा फायर मार्शल त्याच्या तोंडावर एक ठोसा लगावतो आणि चालता होतो. ओंकारनं त्या ठोशाला टाळी वाजवली. हिशेब मिटला, बघणारे सगळे मोकळे.

एकच जागा अशी आहे की तिथं सिनेमा खरं बोलतो. प्लॅनेट हॉलीवूडमध्ये लोक जेवतायत, पडद्यावर खुनाची टेप लागलीय, आणि खुनी त्यांच्यातच बसून बघतायत. त्यांचं बिनसतं ते श्रेय कुणाचं यावरून. ओलेगला वाटतं, दिग्दर्शक मी. मी त्या जागी पॉझ केलं आणि राजूला म्हटलं, इथं कॅमेरा त्या जेवणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर एक मिनिट ठेवायचा होता. कोण घास खाली ठेवतं, कोण ठेवत नाही. तेवढं एक मिनिट मिळालं असतं तरी मी बाकीचं सगळं माफ केलं असतं.

दिग्दर्शक जॉन हर्झफेल्डला हे जग ठाऊक नव्हतं असंही नाही. सेंट्रल पार्कमध्ये १९८६ साली झालेल्या खऱ्या खुनावर १९८९ मध्ये टीव्ही-सिनेमा केला तो त्यानंच. लाँग आयलंडच्या १७ वर्षांच्या मुलीनं एका बाईवर गोळी झाडली, त्यावर तीन वाहिन्यांनी तीन सिनेमे केले आणि त्यातले दोन एकाच संध्याकाळी, ३ जानेवारी १९९३ ला, समोरासमोर लावले. त्यातला एक त्याचा. म्हणजे हा माणूस त्या टेबलावर बसलेला होता. त्यानं तरी स्वतःला त्या गोष्टीत ठेवायला हवं होतं. ते त्याला जमलं नाही याचा मला राग येत नाही. मला ते कळतं, कारण मलाही आजवर जमलेलं नाही.

आता जे लिहितोय ते अलकालाही सांगितलेलं नाही.

मी २००७ मध्ये चॅनेलात लागलो हे तुला माहीतच आहे. २६/११ च्या तीन रात्री मी ड्यूटीवर होतो. नरिमन हाउसच्या गच्चीवर कमांडो दोरावरून उतरताना सगळ्या देशानं पाहिले, आम्हीही लावलं. पुढे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या थेट प्रक्षेपणावर कडक शब्दांत लिहिलं, २०१५ मध्ये अशी कारवाई थेट दाखवू नये असा नियमही आला. पण त्या रात्रींबद्दल बोलायला सगळे असतात. माझी गोष्ट त्यानंतरच्या वर्षाची आहे आणि ती फार लहान आहे.

रात्री पावणेबाराला एका स्ट्रिंगरचं फुटेज आलं. एक मिनिट चाळीस सेकंद. तालुक्याच्या गावचा बाजारपेठेतला रस्ता, हल्ला होऊन गेलेला, पन्नाशीचे गृहस्थ गटाराच्या कडेला पडलेले. पायात एकच चप्पल. भोवती तीसचाळीस माणसं उभी, बऱ्याच जणांचे मोबाइल वर. मला सांगितलं, बावीस सेकंदांचं कर, चेहरा ब्लर, लाल गोल मार आणि लूपवर टाक. मी टाइमलाइनवर घेतलं. एक मिनिट अकरा सेकंदांपाशी त्यांच्या डाव्या हाताची बोटं हलतात. दोन वेळा. जमिनीवरून काहीतरी उचलायचं असल्यासारखी. मी ते मागे-पुढे करून चार वेळा पाहिलं. मग प्रोड्यूसरला दाखवलं. तो म्हणाला, 'डिस्टर्बिंग आहे, ते काढ.' मी ते तीन सेकंद काढले. बाकीचं पहाटेपर्यंत गोल गोल फिरत राहिलं, लाल गोलासकट.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेटरनं एक फोन डेस्कवर दिला. जागेवर मीच होतो. एका बाईचा आवाज, तरुण असावी. तिनं आरडाओरडा केला नाही. 'तुमच्याकडे पूर्ण शूटिंग असेल ना? मला एवढंच सांगा, त्यात बाबा हलत होते का?' माझ्या समोरच्या मॉनिटरवर तो प्रोजेक्ट अजून उघडा होता. मी म्हणालो, 'नाही ताई.' ती म्हणाली, 'बरं,' आणि फोन ठेवला.

ते खरं सांगितलं असतं तर तिला कळलं असतं की ते तीसचाळीस जण उभे होते तेव्हा वडील जिवंत होते. आपण तिला वाचवलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. शनिवारी ते टिकलं नाही. फ्लेमिंगची मैत्रीण निकोलेट आठव, ती स्वतः टीव्हीची वार्ताहर. ज्याच्याशी लग्न करायचं त्याच्या मरणाची टेप सगळं शहर बघतंय, तिला काय होत असेल? सिनेमा तिला विचारतसुद्धा नाही. शेवटी पुन्हा आणतो ते एमिलला ओलीस धरायला कुणीतरी हवं म्हणून. बाकीचे एमिल कसा मरतो ते बघत होते तेव्हा मी मोजत होतो, तिला किती सेकंद मिळाले. सगळ्यांच्या निराशेत माझी निराशा ही आहे. ज्या फोनसाठी मी तो सिनेमा इतका जीव लावून बघत होतो, तो फोन त्यात वाजलाच नाही.

तू विचारशील, मग आता काय करणार? फुटेज कुठंच नाही, ते सर्व्हर केव्हाच गेले. त्या बाईचं नाव मी तेव्हा विचारलं नव्हतं. गाव मात्र माहीत आहे, इथून एसटीनं तीन तास. राजूला मी रात्री गच्चीवर एवढंच म्हटलं की मला एकदा तिकडं जायचंय. कशाला ते त्यानं विचारलं नाही. म्हणाला, 'मी येतो.' पण जाऊन काय बोलायचं, आणि इतक्या वर्षांनी तिला हे कळून तिचं काय भलं होणार, हे मला खरंच कळत नाही. तू सांग. या बाबतीत तुझंच ऐकेन.

आणि एक कर. तुझं २००१ चं पत्र मी माळ्यावरच्या ट्रंकेत शोधलं, मधली दोन पानं मिळेनात. फ्लेमिंग मरतो तेव्हा तुझ्या थिएटरात लोकांनी काय केलं, ते तू त्यातच लिहिलं होतंस असं वाटतंय. कुणी उठून गेलं का? तुझ्या शेजारी कोण होतं? आठवेल तेवढं लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पाठदुखीचं काय झालं तेही कळव.

तुझाच,
सुहास