बक्षीसपत्रात एक ओळ छापून द्या: महसूल मंत्र्यांना खुलं पत्र

मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

साहेब, नोंदणी आणि मुद्रांक विभाग तुमच्या खात्यात येतो म्हणून हे तुम्हालाच लिहितोय.

माझी आत्या ७४ वर्षांची आहे. आतोबा गेल्यावर वन बीएचके फ्लॅट तिच्या नावावर झाला आणि वर्षभरात मुलगा म्हणाला, आई माझ्या नावावर करून टाक, पुढे कटकट नको. एजंटनं सांगितलं मृत्युपत्र केलं तर नंतर कोर्टकचेरी होईल, बक्षीसपत्रच (जिवंतपणीच घर दुसऱ्याला देऊन टाकायचा कागद) करा, स्टॅम्प फक्त २०० रुपये. ते खरंच आहे, २०१५ पासून राहतं घर आणि शेतजमीन नवरा-बायको, मुलं, नातवंडांना द्यायची असेल तर मुद्रांक शुल्क २०० रुपयेच आहे आणि ही सवलत चांगली आहे, ती काढा असं मी अजिबात म्हणत नाही.

बक्षीसपत्र नोंदवायच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात मी तिच्यासोबत होतो. आयुष्यभर भांडी घासून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या, त्यामुळे मशीन अंगठा घेईना. ऑपरेटरनं ओल्या फडक्यानं अंगठा पुसायला लावला, चौथ्या वेळी लागला. फोटो, आधार, दोन साक्षीदार, सगळं तपासलं. पण "आजी, घर दिल्यावर तुम्ही राहणार कुठे?" हे त्या खोलीत कुणीच विचारलं नाही. मीपण नाही विचारलं, आणि ते मला अजून टोचतं.

आत्याला वाटत होतं हे मृत्युपत्रासारखंच आहे, आपण गेल्यावर लागू होईल, मन बदललं तर बदलता येईल. मृत्युपत्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येतं, बक्षीसपत्र नोंदलं की घर त्याच दिवशी हातातून गेलं. दीड वर्षात मुलानं फ्लॅट विकायला काढला आणि आत्या दोन पिशव्या घेऊन आमच्याकडे आली.

२००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे ना, त्यातलं कलम २३ नेमकं ह्यासाठीच आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळलं नाही तर ट्रिब्युनल ते बक्षीसपत्र रद्द करू शकतं. हे ट्रिब्युनल म्हणजे आपल्याकडे प्रांतसाहेब, त्यांच्याकडे आम्ही अर्ज केला, त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, यात अट कुठंय? अट नव्हतीच. सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये म्हटलं होतं की अट असल्याशिवाय हे कलम लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईला त्याच कोर्टानं घर परत दिलं, पण तिनं मुलाकडून सांभाळायचं वेगळं वचनपत्र लिहून घेतलेलं होतं. आत्याकडे काय आहे? पोटगी मिळेल, कायद्यात तिची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. घर नाही.

आता तुम्ही म्हणाल अट लिहायला कुणी अडवलं होतं? साहेब, कुठली आई पोटच्या पोराला भर ऑफिसात सांगेल की मला सांभाळशील असं लिहून दे? तिला ते लाजिरवाणं वाटतं, पोराला अपमान वाटतो, एजंटला घाई असते. म्हणून ती ओळ आईनं मागायची वेळच येऊ नये, ती सरकारच्या नमुन्यात आधीच छापलेली पाहिजे. देणाऱ्याचं वय ६० च्या पुढे असेल तर "घेणारा देणाऱ्याचा हयातभर सांभाळ करेल आणि देणाऱ्याला ह्या घरात राहण्याचा हक्क राहील" एवढं मजकुरात आपोआप यावं. ज्याला नको असेल त्यानं ते खोडून बाजूला सही करावी, म्हणजे निदान वाचून तरी खोडेल. सरकारी फॉर्ममध्येच आहे म्हटल्यावर कुणी कुणावर संशय घेतला असं होत नाही.

आणि अंगठा घ्यायच्या आधी पाच मिनिटं, घेणाऱ्याला बाहेर बसवून, म्हाताऱ्या माणसाला मराठीत नीट सांगा की घर आजपासून तुमचं नाही, मृत्युपत्राचा पण पर्याय आहे, ते नोंदवायची सक्ती नाही, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात. रांग लांब असते हे मी बघितलंय, तरी एवढा वेळ काढा.

आत्याची केस आता मागे फिरेल असं वाटत नाही. पण उद्या सकाळी कुठल्यातरी ऑफिसात टोकन घेऊन बसलेल्या आजीसाठी हे करता येण्यासारखं आहे, साहेब.

आपला,
आत्याचा भाचा