निवेदनावर सही करण्यापूर्वी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, की चिनूच्या वर्गाला गणित शिकवणाऱ्या नव्या बाई बदलून द्याव्यात असे निवेदन पालक मुख्याध्यापकांकडे देणार आहेत आणि दादा पुण्याला असल्यामुळे त्याच्या वतीने बाबांना सही करायची आहे. कारण विचारले, तेव्हा 'त्यांचे बोलणे फार तेलुगू वळणाचे आहे, मुलांना कळत नाही' एवढेच उत्तर मिळाले. फोनवर मला नीट बोलता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. बाबा, तुम्ही ती सही करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मी येथे अमेरिकेत महाविद्यालयातील मुलांना संख्याशास्त्र शिकवते. दर सत्राच्या शेवटी विद्यार्थी शिक्षकांविषयी निनावी अभिप्राय लिहितात आणि माझ्या वाट्याला 'उच्चार परके आहेत, समजत नाही' असे काही शेरे हटकून येतात. जे मी फळ्यावर लिहून, आकृती काढून, पुन्हा पुन्हा उदाहरणे देऊन समजावलेले असते, त्याविषयी त्यांत एक शब्दही नसतो. नोकरीचा करार पुढे चालू ठेवायचा की नाही हे ठरवताना वरिष्ठ हेच शेरे वाचतात. आजवर हे तुम्हाला कळवले नव्हते, कारण आई रात्र रात्र जागून काळजी करील हे मला ठाऊक आहे. पण आता चिनूच्या बाईंसाठी ते सांगणे भाग आहे.

'समजत नाही' ही तक्रार मुले खोटी करतात, असे मी म्हणत नाही. त्यांना खरोखरच समजलेले नसते. ते का समजले नाही, हा प्रश्न आहे. जॉर्जिया विद्यापीठातील डोनाल्ड रूबिन यांनी 1992 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एका अमेरिकन स्त्रीच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेले व्याख्यान विद्यार्थ्यांना ऐकवले. आवाज तोच, मजकूर तोच. मात्र काहींसमोर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र ठेवले होते आणि काहींसमोर पूर्व आशियाई चेहऱ्याच्या स्त्रीचे. दुसऱ्या गटाला त्याच आवाजात परके उच्चार ऐकू आले आणि व्याख्यानातला मजकूरही त्यांना कमी आठवला. त्यांच्या ऐकण्यात जे उणे पडले, ते आवाजामुळे पडलेले नव्हते. कॅनडातील मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या संशोधकांनी 1995 साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली: श्रोत्यांनी ज्या वाक्यांचे उच्चार फार परके ठरवले होते, त्यांतली पुष्कळशी त्यांनीच शब्दन् शब्द बरोबर लिहून काढली होती. बोलण्यात वेगळा हेल असणे आणि बोलणे दुर्बोध असणे या दोन गोष्टी आपण उगाच एक मानतो.

अशा समजुतीवर सरकार चालू लागले, तर काय होते तेही येथे घडून गेले आहे. ॲरिझोना राज्यातील शाळांनी 1990 नंतरच्या दशकात द्विभाषिक वर्गांसाठी स्पॅनिश जाणणारे शिक्षक नेमले. त्यांतले काही लॅटिन अमेरिकेतून आलेले होते. 2000 साली मतदारांनी कौल देऊन हे वर्ग जवळजवळ बंद केले आणि शिकवणे इंग्रजीतून सुरू झाले. पुढे शिक्षण खात्याचे तपासनीस वर्गात बसून शिक्षकांच्या उच्चारांतले दोष टिपू लागले आणि जड उच्चारांच्या शिक्षकांना इंग्रजी शिकणाऱ्या मुलांपुढून हलवा, असे 2010 च्या सुमारास शाळांना सांगण्यात आले. ज्या भाषेसाठी त्यांना मानाने बोलावले होते, तिच्याच खुणा त्यांचा अपराध ठरल्या. केंद्र सरकारने चौकशी केल्यावर 2011 साली राज्याने उच्चारांची ही तपासणी थांबवली. मधल्या काळात त्या शिक्षकांना आपल्याच वर्गात तोंड उघडताना काय वाटले असेल, ते मी समजू शकते.

हे सारे सोलापुरात घडावे, याचे मला अधिक वाईट वाटते. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा जेथे रस्त्यावर रोज कानी पडतात, त्या गावाला तेलुगू हेल परका वाटावा? बाबा, मिलमध्ये नवीन असताना तुटलेला धागा कसा जोडायचा आणि मागाच्या आवाजावरून बिघाड कसा ओळखायचा हे तुम्हाला पूर्व भागातल्या एका तेलुगू जॉबरने शिकवले, असे तुम्ही आम्हाला किती आदराने सांगत आला आहात. त्यांचे मराठी मोडके होते, हे तुम्ही कधी तक्रार म्हणून सांगितले नाही. आपल्याच गावात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, मोठेपणी चिनी भाषा शिकले आणि बेथ्यून रुग्णालय सांभाळत तेथील विद्यार्थ्यांना त्याच भाषेतून शिकवू लागले. त्यांच्या चिनी बोलण्यात सोलापूर उमटत असणारच. त्या विद्यार्थ्यांच्या पालकांनी निवेदन दिले असते, तर आपल्याला कसे वाटले असते?

शिक्षकाचे बोलणे खरोखरच अस्पष्ट असू शकते, हे मला मान्य आहे, आणि मुलांचे वर्ष वाया जावे असे मला मुळीच वाटत नाही. पण ते तपासण्याचा मार्ग वेगळा आहे. चिनूची गणिताची वही उघडून पाहा: बाईंनी उदाहरणाच्या पायऱ्या नीट उतरवून दिल्या आहेत का, चुकलेल्या उदाहरणापुढे काही लिहिले आहे का, आणि तशाच प्रकारचे नवे उदाहरण तुमच्यासमोर त्याला सोडवता येते का. शक्य झाले तर मुख्याध्यापकांच्या परवानगीने एक तास वर्गात मागच्या बाकावर बसा. नव्या हेलाला मुलांचे कान फार लवकर सरावतात. आरंभीचे काही दिवस तरी बाईंना मिळायला हवेत. एखादा शब्द कळला नाही, तर न लाजता हात वर करून विचारायचे, हे आईने चिनूला सांगावे; तिचे तो ऐकतो.

एवढे करूनही शिकवण्यातच उणीव दिसली, तर ती नेमकी कोणती हे लिहून बाबांनी अवश्य सही करावी. त्या कागदात बाईंच्या उच्चारांचा उल्लेख मात्र नसावा. वही पाहून काय आढळले ते मला सविस्तर कळवा.

तुमची लेक