डब्यावर लिहिलेलं आणि डॉकमध्ये नसलेलं

इंदूर, 24 नोव्हेंबर 2025

मा. ग्राहक तक्रार अधिकारी यांस,

विषय: स्पीकर डॉकच्या डब्यावरील चुकीची माहिती आणि पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मागवलेला 6,499 रुपयांचा स्पीकर डॉक (फोन वर ठेवून गाणी वाजवायचा स्पीकर) 9 नोव्हेंबरला रामबागेतल्या पत्त्यावर पोचला. डब्यावर ठळक अक्षरांत छापलं आहे: "सर्व यूएसबी-सी फोन चालतात. 60 वॉट. 60 हर्ट्झपासून आवाज." तिन्ही गोष्टी तपासल्या. एकही खरी निघाली नाही.

पहिली तक्रार सगळ्यांत गंभीर आहे. आयफोन 15 आणि गॅलॅक्सी एस 23 डॉकवर ठेवले की दोन्ही चार्ज होतात, पण गाणं फोनच्याच स्पीकरमधून वाजत राहतं. ध्वनी कुठे पाठवायचा या फोनमधल्या यादीत डॉकचं नावसुद्धा येत नाही. त्याच फोनना साधा यूएसबी-सी हेडफोन डोंगल लावला की तो लगेच दिसतो. मग एक जुना अँड्रॉइड फोन ठेवून पाहिला, तर त्यावर डॉक वाजला. कारण उघड आहे. आपल्या डॉकच्या पिनेत डॅक नाही, म्हणजे डिजिटल संकेताचा आवाज करणारी चिप नाही. ती पीन फोनकडून तयार, म्हणजे चिपशिवाय वाजवता येणाऱ्या, अ‍ॅनालॉग आवाजाची वाट पाहते आणि या दोन्ही फोनच्या यूएसबी-सीमधून तो बाहेर पडतच नाही.

आयपॉडच्या 2003 सालच्या 30 पिनांच्या जोडणीत अ‍ॅनालॉग लाइन-आउट (आवाज बाहेर देणारी सोय) होता, म्हणून त्या काळच्या डॉकना डॅकची गरज पडली नाही. 2012 साली त्या जागी लाइटनिंग ही नवी जोडणी आली आणि ती सोय संपली. आज डॉक निवडणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: पिनेतून आवाज जातो की नुसती वीज? आपला डबा याबद्दल एक शब्द बोलत नाही. इथल्या जेल रोडच्या दुकानात उभं राहून घेणारा असो की घरबसल्या मागवणारा, गिऱ्हाईक डबा वाचूनच निवड करतं.

आपल्या ग्राहक सेवेने 'सॉफ्टवेअर अपडेट करा' असं उत्तर पाठवलं. नसलेली चिप अपडेटने येत नाही. ब्लूटूथवर डॉक चालतो हे मान्य आहे, पण त्यासाठी फोन त्यावर ठेवायची गरजच काय?

ऑक्स वायर (आवाज डॉकला देणारी तार) लावून फोन चार्जिंगला ठेवला तर बारीक किरकिर सुरू होते आणि फोन पिनेवरून उचलला की थांबते. चार्जिंग आणि ऑक्सचा ग्राउंड (विजेच्या परतीची वाट) एकच असल्याचा हा दोष आहे.

शिवाय पीन सुमारे साडेसहा मिलिमीटरच वर येते. दोन मिलिमीटरचं कव्हर असलेला फोन तिच्यावर पूर्ण बसत नाही, मागे टेकूही नाही. फोन कलंडतो आणि सगळा भार त्याच्या चार्जिंगच्या खाचेवर येतो.

आता वॉट. सोबत दिलेल्या अ‍ॅडॅप्टरवर 15 व्होल्ट, 2 अँपिअर लिहिलं आहे, म्हणजे एकूण 30 वॉट. फोन चार्जिंगला 5 वॉट गेले की अ‍ॅम्प्लिफायरला उरतात जेमतेम 25. यातून सतत 60 वॉट निघणार तरी कसे? आवाज तीन-चतुर्थांशाच्या वर नेला की तबल्याच्या प्रत्येक जोरदार थापेला फोनवरचं चार्जिंगचं चिन्ह क्षणभर जातं, कारण व्होल्टेज खाली बसतं. आरएमएसचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा आकडा छापा, पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा नको.

60 हर्ट्झचा, म्हणजे इतक्या खोल स्वरापर्यंत आवाज येण्याचा दावा टोन जनरेटर अ‍ॅपवर तपासला. 120 हर्ट्झच्या खाली आवाज झपाट्याने पडतो. 70 ला स्पीकरचा अडीच इंची कोन नुसता थरथरताना दिसतो, कानाला जवळजवळ काही येत नाही. पुरुष गायकाचा सा काळी एक धरला तर तानपुऱ्याचा खर्ज याच 70 हर्ट्झच्या आसपास असतो. वरच्या स्वरांशांवरून कान खर्ज ओळखतो, पण त्याचा भरीवपणा मिळत नाही, तबल्याच्या बायाची घुमकही हरवते. अमीर खाँसाहेबांच्या या शहरात विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला ही उणीव पहिल्या आवर्तनातच खटकेल. किती डेसिबलच्या घटीपर्यंत हे न सांगता छापलेल्या 60 हर्ट्झला काही अर्थ नाही.

माझ्या मागण्या अशा: पूर्ण 6,499 रुपये परत करावेत आणि डॉक आपल्या खर्चाने उचलून न्यावा. बदली नग नको, त्यातही हीच पीन असणार. डब्यावर आणि संकेतस्थळावर "पिनेतून फक्त चार्जिंग, आवाज निवडक फोनवरच" असं स्पष्ट छापावं आणि चालणाऱ्या फोनची यादी द्यावी.

ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे या पत्राची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे. तसं न झाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते.

सोबत बिलाची प्रत, डबा आणि अ‍ॅडॅप्टरच्या लेबलांचे फोटो, तसंच तिन्ही फोनवरच्या चाचणीचा व्हिडिओ जोडला आहे.

आपला ग्राहक,
रामबाग, इंदूर