बाबा, एफडी मोडू नका

ती. आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार,

परवा फोनवर बाबा, तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि आईकडे फोन दिलात. काल आईकडून कळलं की तुम्ही बँकेत जाऊन एफडी मोडायची चौकशी करून आलात. म्हणून हे पत्र. फोनवर मला रडू येतं आणि आकडे चुकतात.

कोथरूडचा फ्लॅट मी विकला. इसार घेतला, तोही तुम्हाला न विचारता. 2009 साली त्यात तुमच्या फंडाचे सहा लाख आणि आईच्या पाटल्या गेल्या, हे मी एक दिवसही विसरलेले नाही. विचारलं असतं तर तुम्ही "तुझ्या मनासारखं कर" म्हणाला असतात आणि महिनाभर धड जेवला नसतात. तरी विचारायला हवं होतं. चुकलं माझं.

पण मागच्या दिवाळीत दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तुम्ही पायरीवर बसलात आणि म्हणालात, बुटाची नाडी सुटली. बाबा, तुमच्या पायात चपला होत्या. त्या रात्रीच माझं ठरलं. आमच्या सोसायटीत लिफ्ट होणार नाही, आणि पुनर्विकासाच्या बैठका दहा वर्षं नुसत्या चालल्यात.

नवीन घर बावधनला, अजून बांधकाम चालू आहे. नानाकाकांचं जे झालं ते तुमच्या डोळ्यांसमोर असणार, माझ्याही आहे. पण तेव्हा रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, नव्हता. आता घेणाऱ्यांच्या पैशातले 70 टक्के बिल्डरला वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, ते त्याच बांधकामासाठी. करारनामा नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांच्या वर त्याला मागता येत नाही, आणि जोतं होईपर्यंत 45 टक्क्यांच्या वर नाही. ताबा लांबला तर व्याज द्यावं लागतं. प्रकल्पाची नोंदणी, जमिनीचे कागद, सगळं वकिलांकडून तपासून घेतलंय.

आता हिशोब, कारण बाबा, तुम्ही कागद-पेन्सिल घेऊनच वाचत असाल. घर 1 कोटी 30 लाखांचं. त्यावर जीएसटी 5 टक्के, म्हणजे साडेसहा लाख. करार माझ्या एकटीच्या नावावर केला, म्हणून बायकांसाठीच्या सवलतीने मुद्रांक शुल्क 7 ऐवजी 6 टक्के, 7 लाख 80 हजार. नोंदणीचे 30 हजार. जुन्या फ्लॅटचे 92 लाख येतील, आमची शिल्लक 13 लाख, आणि कर्ज 40 लाख. आधी आपले पैसे जातील, बँकेचे शेवटी. बँक जेवढे देईल तेवढ्यावरच व्याज, त्यामुळे भाडं आणि हप्ता एकत्र भरायचे महिने थोडेच असतील. घेणाऱ्याचं कर्ज मंजूर होऊन पैसे हातात यायला दोन महिने लागतील. तोवरची बिल्डरची मागणी शिल्लकीतून भागेल, मी दोनदा मांडून पाहिलंय. विक्रीच्या नफ्यावरचा करही नवीन घर तीन वर्षांत पुरं झालं तर वाचतो. रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत न वापरलेले पैसे बँकेत भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवायचे, ते सीएंनी समजावलंय. ताबा डिसेंबर 2028 चा आहे.

यात तुमची एफडी कुठेही बसत नाही. ती तुमच्या औषधांची आहे. सांगलीच्या घरालाही कुणी हात लावणार नाही, आई, तुझा पारिजातक तिथेच राहील.

तोवर आम्ही डहाणूकर कॉलनीत भाड्याने राहतोय, पहिला मजला, लिफ्ट आहे. आई, तुझी भाजीवाली तीच. नवीन घरात तुमची खोली पूर्वेची, शेजारीच बाथरूम, कमोड उंच, भिंतीला धरायला दांडी लावून घेणार आहे. ओट्याची उंची तुझ्या मापाने करायची, तेवढी इंचात मोजून कळव. तू गरम पाण्यात माझे पाय शेकायचीस, तसे आता तुझे मी शेकीन. कायमचं या असं मी म्हणत नाही. पावसाळ्याचे चार महिने या, मन लागलं तर पुढचं पुढे बघू.

आता ऐका. बाबा, गुडघ्याचा एक्स-रे या आठवड्यात काढायचा. रक्तदाबाची गोळी रोज, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. आई, स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढायचे नाहीत, शेजारच्या मुलाला हाक मार. आणि बँकेतून आणलेला तो फॉर्म फाडून टाका.

डॉक्टरांचा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. फोनवरच्या "बरं आहे" वर माझं समाधान होत नाही.

तुमची,
चिमी