विकल्यानंतर अपडेटमधून कमी केलेली लॅपटॉपची ताकद परत मिळण्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
पश्चिम विभाग कार्यालय, पुणे

विषय : स्लिम गेमिंग लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपची वीजमर्यादा बायोस (लॅपटॉपचे भाग चालू करणारा आणि त्यांच्या मर्यादा ठरवणारा मूळ प्रोग्राम) अपडेटमधून न कळवता कमी केल्याबद्दल, आणि बडोद्यातील अधिकृत सेवा केंद्राने तक्रार नोंदवून न घेतल्याबद्दल.

महोदय,

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. इंटिरियर डिझाइन आणि थ्रीडी व्हिज्युअलायझेशन हा माझा व्यवसाय. आपले पश्चिम विभागाचे कार्यालय पुण्यात आहे, म्हणून मराठीतच लिहिते आहे. ईमेलला दर वेळी तेच ठरावीक उत्तर येत राहिले, त्यामुळे हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवत आहे. बिलाची प्रत, जॉबशीट (सेवा केंद्राने दिलेला तपासणीचा कागद) आणि खाली उल्लेख केलेले सगळे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. मॉडेल आणि सिरीयल नंबर बिलावर आहेतच.

तक्रार थोडक्यात अशी : आपण मला 105 वॉटवर चालणारी ग्राफिक्स चिप असलेला लॅपटॉप विकलात आणि नंतर एका अपडेटमधून ती 70 वॉटवर आणून ठेवलीत. मला विचारले नाही, सांगितलेही नाही. लॅपटॉप गरम होतो, पंख्यांचा आवाज येतो किंवा बॅटरी लवकर संपते अशी माझी तक्रार मुळीच नाही. हे आधीच स्पष्ट करते, कारण सेवा केंद्रात प्रत्येक वेळी बोलणे त्याच दिशेला नेले गेले.

हा लॅपटॉप मी पूर्ण विचार करून घेतला होता. सकाळी वासणा-भायलीच्या साइटवर, दुपारी मांजलपूरला क्लायंटकडे, मध्येच रेल्वेने अहमदाबाद, असा माझा दिवस असतो. स्कूटरवर पाठीला अडकवून फिरायचे तर तीन किलोचा ठोकळा आणि त्याचा विटेएवढा चार्जर नको होता. शिवाय दोन यंत्रे घेण्याची ऐपत नव्हती. दिवसा कामाला आणि रात्री गेमला एकच यंत्र हवे होते आणि आपली जाहिरात नेमके तेच सांगत होती. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त बंगळूरला असतो. रात्री जेवणे आटोपली की आम्ही दोघे ऑनलाइन खेळतो, एकीकडे घरच्या गप्पा चालू असतात. सेवा केंद्रात 'गेमच तर खेळायचा आहे ना' असे ऐकवले गेले, म्हणून हे लिहिते. गेमिंग लॅपटॉप म्हणून आपण ज्यादा पैसे घेतले आहेत. गेम नीट चालणे हे कामाइतकेच माझ्या हक्काचे आहे.

पातळ लॅपटॉपच्या मर्यादा मला ठाऊक आहेत. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप दोन्ही उष्णता बाहेर नेणाऱ्या त्याच हीटपाइप आणि त्याच दोन पंख्यांवर थंड होतात, त्यामुळे दोघांवर एकदम भार आला की उपलब्ध वीज वाटून घ्यावी लागते. रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे पुढे वाढवता येणार नाही. विमानात परवानगीशिवाय नेता येणारी बॅटरी 100 वॉट-तासांपर्यंतच असते. तेवढ्या बॅटरीवर अशी चिप पूर्ण ताकदीने तासभरही चालणार नाही, प्लग लावूनच खेळावे लागते. हे सगळे मी मान्य करून पैसे मोजले. त्याच वेळी हेही पाहून घेतले होते की आपल्या संकेतस्थळावर या मॉडेलच्या पानावर ग्राफिक्स पॉवर 105 वॉट अशी दिली आहे. ते पान मी पीडीएफ करून ठेवले होते, ते सोबत आहे.

वॉटचा आकडा एवढा का बघावा लागतो, हे आपल्याला सांगायला नको, पण हे पत्र पुढे ज्यांच्या टेबलावर जाईल त्यांच्यासाठी लिहिते. लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपच्या नावावरून तिची ताकद कळत नाही. आरटीएक्स 4070 हेच नाव घ्या. डेस्कटॉपच्या कार्डाला 12 जीबी मेमरी असते, लॅपटॉपच्या त्याच नावाच्या चिपला 8 जीबी. आणि लॅपटॉपमधली ही चिप ती बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्याच माहितीप्रमाणे 35 ते 115 वॉटपर्यंत कुठेही बसवता येते. पूर्वी पातळ लॅपटॉपमधल्या कमी वॉटच्या चिपना 2017 पासून 'मॅक्स-क्यू' असे वेगळे नाव तरी असायचे. आरटीएक्स 30 मालिकेपासून ते नावातून गेले, तेव्हा वॉटचे आकडे उघड करा अशी मागणी ग्राहकांकडून आणि समीक्षकांकडून झाली आणि 2021 पासून उत्पादक ते आपापल्या पानांवर देऊ लागले. म्हणजे विकत घेणाऱ्याच्या हातात खात्रीचा असा हा एकच आकडा उरतो. आपण नेमका तोच बदललात.

सुरुवातीचे महिने लॅपटॉप उत्तम चालला आणि ते श्रेय मी आपल्याला मोकळेपणाने देते. रावपुऱ्यातल्या एका जुन्या वाड्याच्या दुरुस्तीचे काम त्या काळात माझ्याकडे आले. लाकडी खांब, त्यांवरचे कोरीव काम, माडीवर जाणारा अरुंद जिना, चौकात वरून उतरणारा उजेड. असे घर कागदावरच्या प्लॅनमध्ये दाखवून समजत नाही. मी वॉकथ्रू तयार करते आणि क्लायंटच्या दिवाणखान्यात बसून स्क्रीनवर त्यांना घरातून फिरवून आणते. त्या घरातल्या आजींना प्लॅन वाचता येत नव्हता, पण पडद्यावर चौकातून फिरवले की त्या लगेच म्हणायच्या, "देवघराचं दार इकडून नको, पलीकडून कर." आणि मी तिथल्या तिथे दार हलवून दाखवायचे. हे काम गेम चालतो तसेच चालते. प्रत्येक वळणाला चित्र त्या क्षणी तयार व्हावे लागते आणि ते तयार करते ती हीच ग्राफिक्स चिप.

मग आपल्या ॲपमधून बायोसचे अपडेट आले. 'सिस्टिमची स्थिरता सुधारली' एवढीच माहिती त्यासोबत होती. लॅपटॉप रीस्टार्ट झाला आणि अपडेट बसले. पुढच्या बैठकीत जिन्याच्या वळणावर चित्र अडकले. पुन्हा वळवले, पुन्हा तिथेच अडकले. आजींनी विचारले, "बंद पडलं का गं?" त्यांचा मुलगा घड्याळाकडे बघू लागला. दसऱ्याच्या मुहूर्तावर काम सुरू करायचे होते आणि त्या दिवशी साहित्य ठरवायचे होते. ते ठरले नाही. रात्री भावासोबत खेळताना तोच अनुभव. जो गेम सेकंदाला 85 च्या आसपास फ्रेम (चित्रे) देत होता तो साठीवर आला, आणि मोठा प्रसंग आला की त्याच्याही खाली.

मी अंदाजावर बोलत नाही. अपडेटच्या आधी रेंडर केलेले, म्हणजे मॉडेलवरून तयार केलेले, वाड्याचेच दृश्य तसेच्या तसे पुन्हा रेंडर केले. आधी 40 मिनिटांत होत होते, आता 50 च्या पुढे जाते. खोलीत एसी 25 वर, लॅपटॉप स्टँडवर, चार्जर आपलाच, मोड 'परफॉर्मन्स'. एनव्हिडियाच्या स्वतःच्या 'एनव्हिडिया-एसएमआय' आज्ञेत वीजमर्यादा आता 70 वॉट दिसते. जुन्या स्क्रीनशॉटमध्ये तिथेच 105 आहे. 'जीपीयू-झेड' या प्रोग्राममध्ये चिपचा वेग नेमका कशामुळे अडतो आहे याचे कारण दिसते. तापमानामुळे अडत असेल तर तसे कारण येते, वीजमर्यादेमुळे अडत असेल तर तसे. माझ्याकडे पूर्ण वेळ वीजमर्यादा हेच कारण येते आणि त्या वेळी चिपचे तापमान सत्तरच्या आतच असते. चिप गरम झालेली नाही, पंखे पूर्ण वेगात नाहीत, वीज मिळत नाही म्हणून ती थांबते. कोणत्याही मोडमध्ये हा आकडा 70 च्या वर जात नाही.

सेवा केंद्रात हे सगळे घेऊन गेले. काउंटरवरच्या भाईंनी लॅपटॉप उघडण्याआधीच सांगितले, "बेन, गेमिंग लॅपटॉप तो गरम थाय ज." मी म्हटले, गरम होत नाही हीच तर तक्रार आहे, स्क्रीन तरी बघा. त्यांनी बडोद्याच्या उन्हाळ्यावर बोलायला सुरुवात केली. नंतर विंडोज फॉरमॅट करून बघू म्हणाले. विंडोजचा बायोसच्या मर्यादेशी काय संबंध? क्लायंटच्या चालू कामाच्या फाइली त्यात होत्या. तरीही बॅकअप घेऊन मी तेही करू दिले. फरक पडला नाही, पडणारही नव्हता. जुना बायोस परत टाकून द्या म्हटले तर आपल्या नव्या बायोसने मागे जाण्याचा रस्ताच बंद केलेला. शेवटी जॉबशीटवर 'नो इश्यू फाउंड' लिहून लॅपटॉप परत दिला. माझे स्क्रीनशॉट जोडून घ्या, अशी विनंती केली. 'सिस्टिममध्ये तशी सोय नाही' असे उत्तर मिळाले. त्या मुलांवर माझा राग नाही. त्यांच्या हातात बायोस बदलण्याचा अधिकार नाही आणि वरून त्यांना काही कळवलेलेही दिसले नाही. पण ग्राहकाने पुराव्यासकट मांडलेली तक्रार कागदावर येऊच न देणे ही सेवेतली त्रुटीच आहे.

या दरम्यान मी आपल्या संकेतस्थळावरचे तेच पान पुन्हा उघडले. 105 वॉटची ओळ आता तिथे नाही. चिपचे नाव आहे, मेमरी आहे, वॉट नाहीत. दोन्ही वेळची पाने शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

आपण हा बदल का केला असावा, याचा मी विचार केला. कीबोर्डच्या भागात उष्णता जास्त येत असेल, चार्जरच्या जोडणीवर ताण येत असेल, काहीतरी सुरक्षिततेचे कारण असेल. असे कारण असेल तर ते दुरुस्त करणे आपले कर्तव्यच आहे आणि मी त्याला विरोध करणार नाही. पण मग ते ग्राहकाला सांगा आणि त्याची किंमत तुम्ही सोसा. 125 सीसीची म्हणून विकलेली स्कूटर पहिल्या सर्व्हिसिंगला घेऊन तिचा वेग चाळीसवर अडकवून परत देणारा विक्रेता कोणी चालवून घेणार नाही.

अशी उदाहरणे आधी झाली आहेत. ॲपलने जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग अपडेटमधून कमी केल्याचे डिसेंबर 2017 मध्ये मान्य केले. फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसे केले, असे कारण त्यांनी दिले होते. तरीही फ्रान्सच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने 2020 मध्ये 2.5 कोटी युरोचा दंड केला, कारण या अपडेटमुळे फोन मंद होऊ शकतो हे ग्राहकांना कळवले नव्हते. माझा लॅपटॉप तर जुनाही नाही, बॅटरीही ठणठणीत आहे आणि हा बदल प्लग लावलेला असतानाही लागू आहे.

माझी मागणी स्पष्ट आहे. 105 वॉटची मर्यादा परत देणारा अधिकृत बायोस मला द्या. कमी वॉट हवे असतील त्यांच्यासाठी वेगळा मोड ठेवा, निवड ग्राहकाला करू द्या. तो वॉट या यंत्राला झेपत नसेल तर तसे लेखी द्या, लॅपटॉप परत घ्या आणि बिलाची पूर्ण रक्कम परत करा. सवलतीचे कुपन, मोफत माउस किंवा वाढीव वॉरंटी मला नको आहे. जॉबशीटवरची नोंद दुरुस्त करून त्यावर माझी खरी तक्रार लिहावी. आणि मॉडेलच्या पानावर व खोक्यावर ग्राफिक्स पॉवरचा आकडा छापावा, पुढच्या अपडेटमध्ये तो बदलणार असेल तर अपडेट बसण्यापूर्वी तसे सांगावे. ही शेवटची मागणी माझ्यापुरती नाही. माझ्यासारखे कर्ज काढून एकच यंत्र घेणारे, त्यावरच कमावणारे आणि त्यावरच खेळणारे कितीतरी लोक आहेत. त्यातल्या अनेकांना आपले यंत्र मंद का झाले हे कधीच कळणार नाही. आपलेच काहीतरी चुकत असेल असे समजून ते गप्प बसतील.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली बडोद्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. या कायद्याप्रमाणे ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी मला पुण्याला किंवा आपल्या मुख्यालयाच्या गावी यावे लागणार नाही. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्कही नाही. दोष तपासण्यासाठी वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे आणि मी तशी विनंती करणार आहे. जाहिरातीत 105 वॉट सांगून प्रत्यक्षात 70 देणे ही दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा ठरते, अशी माझी बाजू राहील.

लॅपटॉप मी सध्या आहे तसाच वापरते आहे, त्यात कोणताही बाहेरचा बदल केलेला नाही आणि तो कोणीही उघडलेला नाही. आपला तंत्रज्ञ पाठवणार असाल तर बायोसची माहिती असणारा पाठवावा. मी त्याला दोन्ही आकडे त्याच्यासमोर काढून दाखवीन. वेळ आधी कळवावी, दुपारी मी साइटवर असते.

कळावे,

आपली ग्राहक
(सही)
दांडिया बाजार, बडोदे