‘कोणत्याही शाखेचा चालेल’ एवढ्यावर थांबू नका

महोदय,

बारावीनंतरच्या वाटा सांगणाऱ्या लेखांत फॅशन आणि डिझाइनच्या वाट्याला एकच ओळ येते : ‘कोणत्याही शाखेचा बारावी उत्तीर्ण पात्र.’ निफ्टच्या (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) बी.डेस. या डिझाइनच्या पदवीपुरती ती बरोबर आहे. पण त्याच संस्थेच्या बी.एफ.टेक.ला ती लागू नाही. तयार कपड्यांच्या उत्पादनाची, कारखान्याच्या अंगाने जाणारी ही पदवी. तिला बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतेच. आपल्याकडे अकरावी विज्ञानाला गणित सोडून जीवशास्त्र घेणारे पुष्कळ. नीटचा बेत फसला की त्यांतले काही जण इकडे वळतात आणि विज्ञान शाखा असूनही अपात्र ठरतात. खरा निर्णय अकरावीचे विषय भरतानाच होऊन गेलेला असतो.

आयआयटी मुंबई घेत असलेल्या यूसीड या डिझाइन पदवीच्या प्रवेश परीक्षेला शाखेची अट नाही, वर्षाची आहे. बारावी पहिल्यांदा त्याच वर्षी किंवा आदल्या वर्षी दिलेली हवी. संधी दोनच, त्याही लागोपाठ. 2024 ला बारावी झालेल्याला 2024 आणि 2025 ची यूसीड देता येते, 2026 ची नाही. जेईईसाठी दोन वर्षे थांबलेल्या मुलाचा हात चित्रात कितीही चांगला असला तरी हे दार बंद. निफ्टला गॅपचे वावडे नाही. तिथे प्रवेशाच्या वर्षी 1 ऑगस्टला वय 24 च्या आत असावे लागते, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना 5 वर्षांची सवलत. एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्था) वयोमर्यादा याहून बरीच खाली आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दाखल्यांचा. या केंद्राच्या संस्था आहेत. राज्यातल्या कॉलेजसाठी काढलेला ओबीसी दाखला तिथे चालत नाही. तो केंद्राच्या नमुन्यातच लागतो आणि नॉन-क्रीमीलेअर ताजे लागते. राज्यात तीन वर्षांसाठी मिळालेला कागद पुढे केला की अर्ज अडकतो. सेतू केंद्रात अर्ज देतानाच ‘केंद्राच्या नमुन्यात’ असे स्पष्ट सांगावे. भटक्या-विमुक्तांसाठीचा राज्याचा वेगळा कोटा इथे नाही. जात केंद्राच्या यादीत असेल तर ओबीसीतून अर्ज करावा लागतो. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) दाखला तर राज्यापुरताच.

दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा निफ्टला चालतो, मात्र त्याला एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) किंवा राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची मान्यता हवी. गल्लोगल्लीच्या ‘इन्स्टिट्यूट’चे सर्टिफिकेट त्यात बसत नाही. अशा ठिकाणी ‘डिग्री’ म्हणून फी मागितली तर गुणपत्रिकेच्या डोक्यावर कोणत्या विद्यापीठाचे नाव छापतात, ते आधी पाहावे. यूजीसी कायदा, 1956 च्या कलम 22 नुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला किंवा कायद्याने तसा अधिकार मिळालेल्या संस्थेलाच असतो. पुढे निफ्टच्या एम.डेस. या पदव्युत्तर पदवीला कोणत्याही विषयाची तीन वर्षांची पदवी चालते, अगदी बी.कॉम.सुद्धा, अशा खासगी डिप्लोम्यावर मात्र तो अर्ज भरता येत नाही.

आता विनंती. हे लेख दरवर्षी बारावीच्या निकालानंतर येतात. यूसीडची परीक्षा जानेवारीत होते, म्हणजे निकाल लागतो तोवर त्या वर्षीचे अर्ज बंद होऊन सहा महिने उलटलेले असतात. ही माहिती सप्टेंबरात छापावी, आणि बी.एफ.टेक.च्या विषयांची ओळ अकरावीच्या प्रवेशाच्या आठवड्यात.