स्क्रिप्टला अपयश कळायलाच हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्क्रिप्टमधून, म्हणजे संगणकाला ओळीने कामे सांगणाऱ्या छोट्या प्रोग्राममधून, बाहेरचा प्रोग्राम कसा चालवायचा हे महाविद्यालयांत शिकवले जाते. तो फसला तर काय करायचे, हा भाग मात्र बहुधा राहून जातो. ३१ जानेवारी २०१७ रोजी प्रोग्रामचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या मुख्य डेटाबेसमधील माहिती चुकून पुसली गेली, तेव्हा अभियंत्यांना नेहमीचा बॅकअप सापडलाच नाही. डेटाबेस पोस्टग्रेस या प्रणालीच्या ९.६ आवृत्तीवर होता, पण बॅकअपसाठी चालणारा तिचा पीजी-डंप हा प्रोग्राम ९.२ आवृत्तीचा होता. तो त्रुटी देऊन थांबत होता आणि तसे कळवणारे ईमेल परस्पर नाकारले जात होते. सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली.

प्रत्येक कमांड संपताना एक क्रमांक परत देते: शून्य म्हणजे काम झाले, अन्य काहीही म्हणजे बिघडले. स्क्रिप्टमधील कमांड चालवणारा बॅश हा प्रोग्राम तो पाहून आपण होऊन थांबत नाही; पाइपने, म्हणजे एकीचे आउटपुट पुढचीला देत, जोडलेल्या कमांडपैकी तर शेवटचीच गणली जाते, त्यामुळे डंप फसला तरी पुढचा जीझिप हा माहिती दाबून लहान करणारा प्रोग्राम मिळेल तेवढे, प्रसंगी काहीच नसलेले, व्यवस्थित दाबून शून्य परत देतो. बॅशचा ‘पाइपफेल’ हा पर्याय चालू केला तर ते अपयश दिसते. पायथन भाषेत बाहेरचे प्रोग्राम चालवणाऱ्या सबप्रोसेस या मॉड्यूलमध्येही ‘रन’ या फंक्शनला ‘चेक’ सांगितल्याशिवाय अशा वेळी एक्सेप्शन (काम थांबवणारी त्रुटी) येत नाही, आणि हे अनुभवी मंडळींच्याही नजरेतून सुटते.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे की, प्रात्यक्षिक परीक्षेत मुद्दाम अस्तित्वात नसलेली फाइल देऊन विद्यार्थ्याची स्क्रिप्ट काय करते ते तपासावे आणि त्यासाठी स्वतंत्र गुण ठेवावेत.

आपला नम्र,
एक वाचक